ओवाळणी उत्पन्नात धरत नाहीत

साउथहॅम्प्टन,
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय मिलिंददादा,

फोन तू उचलत नाहीस. मेसेजला निळ्या खुणा पडतात आणि पुढे काही येत नाही. म्हणून हे कागदावर. पत्राचा एक फायदा असा की तुला मध्येच बोलता येत नाही. चव्वेचाळीस वर्षांत ही पहिलीच संधी आहे, सोडणार नाही.

आधी खुशाली. मी शिल्पाकडे आहे. तुझ्या लग्नात जिने पैज लावून जिलब्या खाल्ल्या होत्या, तीच ही माझी कॉलेजातली शिल्पा. तिचा नवरा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. त्यांनी मला वरची खोली दिली आहे. खोली ऐसपैस आहे, मजेत आहे, काळजी नसावी.

तिकडे लंडनात तू स्टॅनमोरभर सांगत सुटला आहेस की नंदा भाऊबीजेच्या ताटावरून भांडून गेली. तेव्हा काय झालं ते एकदा सरळ लिहिते. मी तुला ओवाळलं. तू दरवर्षीसारखं ताटात एक हजार एक पौंडांचं पाकीट टाकलंस, पाहुण्यांनी दरवर्षीसारखं "वा, भाऊ असावा तर असा" म्हटलं. आणि मी ते पाकीट उचलून तुझ्या हातावर परत ठेवलं आणि म्हणाले, "दादा, हे ओवाळणीत नको, पगारात दे." चार माणसांत बोलले ते चुकलं. जे बोलले ते चुकलं नाही.

तू मला बोलू दिलं नाहीस, म्हणून त्यामागचं कारण आता ऐक. त्याच आठवड्यात मी हॅरोला अनुयाच्या ऑफिसात गेले होते. सुप्रभाताईंची मुलगी, सॉलिसिटर झालेली. लग्न झालं तरी विष्णू नागपुरातच, त्याला इथे आणायचं तर काय लागतं ते विचारायला. ती म्हणाली, "मावशी, तुमचा इन्कम वर्षाला एकोणतीस हजार पौंड दिसला पाहिजे. त्याचा इंडियातला सॅलरी नाही चालत. तुमचाच लागतो."

म्हणजे बघ, त्याचा पगार त्यांना चालत नाही, आणि माझा पगार आहे कुठे? अकरा वर्षं मी 'मिलिंद केटरर्स'चं स्वयंपाकघर चालवलं. सकाळी भाजी आणायची, दिवसभर शिजवायचं, कौन्सिलचा इन्स्पेक्टर आला की त्याच्यासमोर उभं राहायचं. दारावरचं ते पाच आकडा असलेलं स्वच्छतेचं हिरवं स्टिकर माझ्यामुळे आहे, हे तूच सगळ्यांना सांगतोस. आणि मला काय मिळायचं? वरची खोली, जेवण, महिन्याला तीनशे हातखर्च आणि भाऊबीजेला ताटातलं पाकीट. मी अनुयाला विचारलं, "ओवाळणी धरता येईल का गं?" ती बिचारी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "मावशी, तो गिफ्ट आहे. गिफ्ट इन्कम नाही होत. पेस्लिप पाहिजे, सहा महिन्याचा."

मी तिथे हसले. परतीच्या बसमध्ये मात्र हसू आलं नाही.

घटस्फोटानंतर तू मला घरात घेतलंस, एका शब्दाने हिशेब विचारला नाहीस, हे मी विसरलेले नाही आणि विसरणार नाही. म्हणूनच अकरा वर्षं मीही विचारला नाही. घरच्या माणसाला कसला पगार, असं तू म्हणायचास आणि मला ते गोडही वाटायचं.

आणि विष्णूने व्हिसासाठी लग्न केलं, असं तू वहिनीला म्हणालास ते मला ऐकू आलं होतं. दादा, नागपुरात त्याचं स्वतःचं घर आहे, कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, पोरं त्याला मान देतात. व्हिसाच हवा असता तर त्याने पगार असलेली बाई शोधली असती!

तूच नागपूरला जा, हा तुझा दुसरा मुद्दा. एकदा मी नवऱ्याच्या मागे देश सोडला. वीस वर्षं इथे काढली, इथली झाले, माझं काम इथे आहे. या खेपेला नवऱ्याने माझ्या मागे यावं. हे मी विष्णूला म्हटलं तेव्हा तो म्हणाला, "थंडीचे कपडे तेवढे तू निवड." असा माणूस मी सोडणार नाही.

शनिवारच्या मुंजीचा मसाला डाव्या फ्रीझरमध्ये वरच्या कप्प्यात आहे. अळूवडीची पानं रेखावहिनीला स्वतः निवडू दे, नव्या मुलीला देऊ नकोस.

तुझी,
नंदा


साउथहॅम्प्टन,
८ डिसेंबर २०२४

प्रिय दादा,

तुझं उत्तर मिळालं. मिलिंद केटरर्सच्या बिलाच्या पाठीमागे लिहिलेल्या चार ओळींना उत्तर म्हणायचं असेल तर. तरी अक्षर बघून बरं वाटलं.

तू लिहितोस, "तीस हजार पगार कागदावर दाखवतो. दर महिन्याला बँकेत भरतो, टॅक्स मी बघतो. तू रक्कम परत कर. भांडण मिटव आणि घरी ये."

हे तू प्रेमाने लिहिलं आहेस, हे मला कळतं. तुझ्या दृष्टीने ही मोठी सवलत आहे. पण दादा, असं खोटं उघडं पडलं तर विष्णूला दहा वर्षं इथे पाऊल ठेवता येणार नाही. दहा वर्षांनी मी पंचावन्नच्या घरात असेन. शिवाय भावाच्या कंपनीतला पगार म्हटल्यावर ते कंपनीचे वर्षभराचे हिशेबही मागतात, असं अनुया म्हणते. तुझे हिशेब कोण तपासतं ते मला माहीत आहे. वहिनी, इस्त्री करता करता.

हे सगळं सोड. कायदा बाजूला ठेवला तरी मला राग कशाचा आला सांगू? तुला पगार दाखवायला जमतं. द्यायला जमत नाही. तीस हजार ही माझ्या कामाची किंमत आहे हे तुला माहीत होतं, म्हणून तर तो आकडा तुझ्या पेनातून इतका पटकन आला. मी त्या चार ओळी कितीदा तरी वाचल्या. तेव्हा दाखवू नकोस. द्यायचा असता तर अकरा वर्षं होती.

आणि आता तुझ्याकडे मागायची गरजही उरलेली नाही. मला नोकरी लागली. बंदराजवळ म्हाताऱ्या माणसांचं एक केअर होम आहे, तिथल्या स्वयंपाकघराची मॅनेजर म्हणून. एकतीस हजार. मुलाखतीत मॅनेजरबाईंनी विचारलं, किती माणसांचा स्वयंपाक केला आहे? मी म्हटलं, गणपतीत पाचशे. त्या म्हणाल्या, आमच्याकडे बेचाळीस आहेत. मग आम्ही दोघी हसलो आणि त्यांनी मला फ्रिज दाखवायला नेलं.

शेफर्ड्स पाय, म्हणजे खिम्यावर बटाट्याचा थर, तो शिकले. कस्टर्ड तर डोळे मिटून करते. इथे बऱ्याच जणांना गिळायला त्रास होतो, त्यांना सगळं मऊ लागतं आणि बिचाऱ्यांना रोज तोच पांढरा लगदा मिळायचा. मी पहिल्याच आठवड्यात गुरगुट्या भात आणि साधं वरण केलं, वर तूप. जहाजावर तीस वर्षं काम केलेले एक आजोबा आहेत, त्यांनी वाटी चाटून पुसून संपवली आणि विचारलं, "व्हॉट्स धिस, लव्ह?" मी म्हटलं, वरणभात. आता दर शुक्रवारी ते फळ्यावर लिहिलं जातं. वा-रन-बाट असं काहीतरी लिहितात, पण संपतं.

आता याच नोकरीत सहा महिने सलग काढायचे. मे अखेरीला सहावी पेस्लिप, मग अर्ज. मध्ये नोकरी सुटली तर पुन्हा पहिल्यापासून. पण सुटणार नाही. सोडायचा माझा स्वभावच नाही, नाहीतर तुझ्याकडे अकरा वर्षं टिकले असते का?

तुझी,
नंदा


साउथहॅम्प्टन,
९ मार्च २०२५

दादा,

काल तू चहा न पिता गेलास. म्हणून पत्राच्या सुरुवातीला "प्रिय" घातलेलं नाही. पुढच्या पत्रात घालेन.

तुझी निळी व्हॅन केअर होमच्या दारात दिसली तेव्हा मला किती आनंद झाला ते तुला कळलंच नाही. मी एप्रनवर धावत बाहेर आले. वाटलं, दादा बहिणीचं काम बघायला आला. आणि तू व्हॅनमधून उतरता उतरता म्हणालास, "नंदे, रेखाची पाठ धरलीये. डॉक्टर म्हणतात उचलायचं नाही काही. आणि मे महिन्यात तीन लग्नं आहेत, एक तर चारशे माणसांचं. एप्रिल-मे तू ये. घरचं माणूस म्हणून विचारतोय."

वहिनीच्या पाठीचं मला माहीत होतं. ती मला फोन करते. तुला सांगत नाही, कारण तू चिडशील, म्हणून आता मीच सांगते. आणि चिडू नकोस.

मी म्हटलं, "दादा, दोन महिने सुट्टी घेतली तर नोकरी जाईल. नोकरी गेली की सहा महिने पुन्हा शून्यापासून मोजायचे. विष्णू तिकडे थांबलाय."

"म्हणजे काल आलेला माणूस मोठा झाला, आणि आम्ही?"

"मोठा-लहान कुठे आलं त्यात?"

"रेखाने तुला आईसारखं सांभाळलं. तिची पाठ मोडलीये आणि तू मला नोकरीचे नियम सांगतेस!"

मग तू गेलास. मी आत जाऊन बेचाळीस माणसांचं जेवण वाढलं. चव कशी झाली होती ते मला सांगता येणार नाही.

आता माझं म्हणणं नीट वाच. एप्रिल-मे मी येणार नाही. लहान लग्नं दुसऱ्या कुणाला दे, नाहीतर सरळ नाही म्हण, आकाश कोसळत नाही. चारशे माणसांच्या लग्नाला मी येईन. हक्काची रजा टाकून गुरुवारी रात्री पोचेन, रविवारी रात्री परत. मेन्यू आधी पाठव. पुरणपोळ्या चारशे माणसांना ताज्या देण्याचं वधूच्या आईच्या डोक्यात असेल, तर ते आत्ताच काढून टाक. श्रीखंड ठेव.

आणि याचं मी बिल पाठवणार आहे. आत्ताच सांगते, म्हणजे नंतर धक्का बसायला नको. तिथे चारशे माणसं जेवतील आणि तू त्यांच्याकडून पैसे घेशील. त्यातले माझ्या कामाचे मला. वहिनीच्या पाठीला शेक द्यायला, तिच्याजवळ बसायला, तिचे केस विंचरायला मी केव्हाही येईन, त्याचं बिल नाही.

नंदा


साउथहॅम्प्टन,
२९ जून २०२५

प्रिय दादा,

बघ, घातलं.

लग्न छान पार पडलं. मुलीकडच्या त्या टक्कल पडलेल्या काकांनी आत येऊन मठ्ठ्याची कृती विचारली आणि तू म्हणालास, "आमच्या नंदाचा हात आहे, कृतीने येत नाही." चार दिवसांत तू माझ्याशी कामापुरतंच बोललास, पण हे बोललास. मी तेव्हा काकडी चिरत होते, मान वर केली नाही, कारण डोळे भरले होते आणि समोर कांदा नव्हता.

आता बिलाबद्दल. मी पाठवताना 'भाऊ म्हणून सवलत' अशी ओळ घालून त्यात दहा टक्के कमी केले होते. काल बँकेत पैसे आले. तू सवलत घेतली नाहीस. पूर्ण रक्कम पाठवलीस. मला वाटलं चुकून झालं, म्हणून मी वहिनीला फोन केला. ती म्हणाली, "चुकून नाही हो वन्सं. दोन दिवस ते बिल घेऊन घरात फिरत होते. बहीण बिल पाठवते, बहीण बिल पाठवते, असं शंभरदा म्हणाले. मग रात्री जेवताना म्हणाले, रेखा, बरोबर लावलंय गं तिने. कमीच लावलंय."

आणि मग वहिनी जे म्हणाली ते ऐकून मी फोन घेऊन जिन्यातच बसले. "वन्सं, मलाही पगार सुरू केलाय यांनी. पहिली पेस्लिप मिळाली. मी ती फ्रिजवर लावलीये, मॅग्नेटखाली, मुलांच्या चित्रांच्या जागी."

दादा, तू मला एका शब्दाने सांगितलं नाहीस.

आता मीही तुला काही सांगते, जे आधीच्या पत्रांत लिहिलं नव्हतं. शिल्पाकडची खोली ऐसपैस वगैरे काही नव्हती. तीत एक पलंग आणि तिच्या मुलाची सायकल मावायची, आणि रात्री कूस बदलली की पेडल लागायचं. पहिले पंधरा दिवस मी रोज रडले. आणि मार्चमध्ये तू चहा न पिता गेलास ना, त्या संध्याकाळी मी राजीनाम्याचा ईमेल लिहिला होता. पूर्ण लिहिला. वहिनीची पाठ डोळ्यांसमोरून जात नव्हती. मग विष्णूचा फोन आला. मी त्याला सांगितलं. त्याने जा म्हटलं नाही, जाऊ नको म्हटलं नाही. म्हणाला, "तू ठरव. मी थांबलोच आहे, अजून थांबेन." तुला राग येईल, पण तो असं म्हणाला म्हणूनच मी ईमेल पाठवला नाही.

आता मी वेगळी राहते. केअर होमपासून चालत जाण्याच्या अंतरावर, दोन खोल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मोठ्या क्रूझ बोटींचे वरचे मजले दिसतात. सहावी पेस्लिप हातात आहे. बँकेचे कागद, घराचे कागद, लग्नाचे कागद सगळं अनुयाने तपासलं. विष्णूने इंग्रजीची परीक्षाही दिली. पंचवीस वर्षं इंग्रजीतून केमिस्ट्री शिकवणाऱ्या माणसाला परीक्षकबाईंनी विचारलं, तुमचा आवडता पदार्थ कोणता? त्याने वांग्याच्या भरताबद्दल इतकं सांगितलं की बाईंना त्याला थांबवावं लागलं. पास झाला.

मंगळवारी अर्ज जाईल. भीती वाटते का, तर वाटते. पण त्यांनी जे मागितलं ते सगळं माझं आहे, खरं आहे, आणि मी मिळवलेलं आहे. त्यामुळे झोप लागते.

तुझी,
नंदा


साउथहॅम्प्टन,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय मिलिंददादा,

मिळाला! विष्णूचा व्हिसा मिळाला.

तुला फोनवर सांगितलंच आहे आणि तू "हं, बरं झालं" म्हणालास, तेही पोचलं. मागून वहिनी टाळ्या वाजवत होती तेही ऐकू आलं. तरी हे पत्र, कारण फोनवर तू मला पुन्हा मध्येच थांबवलंस आणि मुख्य गोष्ट राहून गेली.

बातमी आली तेव्हा मी भोपळ्याचं सूप घोटत होते. फोनवर मेल वाचला आणि तिथेच खाली बसले. मॅनेजरबाई धावत आल्या, त्यांना वाटलं मला चक्कर आली. मी फोन पुढे केला. त्यांनी वाचलं आणि जेवणाच्या हॉलमध्ये जाऊन सगळ्यांना सांगितलं. बेचाळीस म्हाताऱ्या माणसांनी चमचे वाजवले. जहाजावरचे आजोबा म्हणाले, त्याला सांग, कोट घेऊन ये. कोट मी आधीच घेऊन ठेवला आहे.

रविवारी, एकोणीस तारखेला तो हीथ्रोला उतरतो. घ्यायला मी जाणार आहे. तुला यायचं असेल तर व्हॅन घेऊन ये, नसेल तर आम्ही बसने येऊ. त्याच्याशी तुला लगेच गोडीने बोलावंच लागेल असं नाही. तो भरीत चांगलं करतो, एवढं चाखून बघ आणि मग काय ते ठरव.

आता मुख्य गोष्ट. गुरुवारी, तेवीस तारखेला भाऊबीज आहे. मी रजा घेतली आहे. तू आणि वहिनी इकडे या. पाहुणे नकोत. आपण चौघंच.

मागच्या वर्षी मी तुझं पाकीट परत केलं, ते तुला अजून सलतं. वहिनी म्हणते, तू तेच पाकीट कपाटात ठेवलं आहेस, उघडलंही नाहीस. ते पाकीट आणू नकोस. ते मोडून वहिनीच्या पाठीसाठी चांगली गादी घे.

सांगलीला आपले अण्णा आत्याला भाऊबीजेला काय घालायचे आठवतं? अकरा रुपये. दरवर्षी तेवढेच. आणि आत्या ते देवाजवळच्या डबीत ठेवायची. घरात चणचण असली तरी तिने त्यांना कधी हात लावला नाही. मी लहानपणी विचारलं होतं, आत्या, तू हे खर्च का करत नाहीस? ती म्हणाली, "हे खर्चायचे नसतात गं, माझा भाऊ आहे त्यात."

तुझे एक हजार एक मी दरवर्षी महिन्याभरात खर्च करायचे. दाताचं बिल, बुटांचा जोड, फोन. करावेच लागायचे. अकरा वर्षं तू ताटात पैसे टाकलेस आणि देवाजवळच्या डबीत एक नाणं नाही. त्याचं मला वाईट वाटायचं, पण कशाचं वाईट वाटतंय ते कळत नव्हतं. आता कळलं.

म्हणून या वर्षी एक पौंड टाक. जास्त टाकलास तर परत करेन, माझा स्वभाव तुला माहीत आहे. डबी मी आणून ठेवली आहे, पितळेची, रोमसी रोडवरच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून.

पगार मला इथे मिळतो, दादा. ओवाळणी तुझ्याशिवाय कोण घालणार?

वाट बघते.

तुझी बहीण,
नंदा